इंजिनाच्या धूरनळीवरील उष्णतारोधक वेष्टण : उपयोग आणि दक्षता

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सर्वच उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. स्थूलमानाने तिचा एकतृतीयांश भाग धुरावाटे बाहेर पडतो. पूर्ण भार असता डिझेल इंजिनाचा धूर सामान्यतः ४०० ते ६०० अंश सेल्सिअस इतका तापतो. पेट्रोल इंजिनात तो ८०० अंशांच्याही वर जातो. साहजिकच इंजिनाला जोडलेली धूरनळी तप्त होते आणि भोवतालच्या तारा व रबरी नळ्या तिच्या धगीने कडक होऊन तडकतात.

यावर दोन उपाय योजले जातात. पहिला, नळीवर काचतंतूंची किंवा बेसॉल्टच्या धाग्यांची पट्टी गुंडाळणे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्टच होय. असा दगड सुमारे १,४०० ते १,५०० अंशांवर वितळवून त्याचे धागे काढतात. दुसरा उपाय सिरॅमिक लेपाचा. नळी वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करून तिच्यावर लेप फवारतात आणि बहुधा भट्टीत तापवून तो पक्का करतात.

पट्टी स्वस्त असून घरीही बसविता येते. परंतु तिचे दोष ध्यानी घेणे अगत्याचे आहे. उघडी नळी आपली उष्णता हवेत सोडते. वेष्टण केल्यावर ती वाट अडते व नळीचा पत्रा अधिक तापतो. साधे पोलाद अशा तापाने लवकर झिजते. शिवाय पट्टी पाणी धरून ठेवते. गोवा व कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत आतल्या आत गंज चढतो आणि तो वरून दिसत नाही. लेप पाणी धरत नाही. मात्र तो खर्चाचा आहे व त्यासाठी सुसज्ज कार्यशाळा लागते.

सर्वांत मोठा धोका आगीचा. पट्टीत डिझेल अथवा तेल मुरले तर ती दिव्याच्या वातीप्रमाणे पेट घेऊ शकते. म्हणून गळती आधी बंद करावी व तेलाने भिजलेली पट्टी तत्काळ बदलावी.

जुन्या इंजिनावरील ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पट्टी मात्र कोणीही स्वतः सोडवू नये. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारणीभूत होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि त्यांपासून होणारा रोग कित्येकदा दोन ते चार दशकांनंतर प्रकट होतो. पट्टी कशाची आहे याविषयी शंका असल्यास ती ॲस्बेस्टॉसचीच समजावी, कोरडी घासू अथवा झाडू नये आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

नवी पट्टी बसविताना इंजिन पूर्ण थंड असावे. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा व मुखपट्टी वापरावी. प्रथम इंजिन सुरू करताना पट्टीतून काही काळ धूर निघतो. त्यासाठी वाहन उघड्यावर आणावे. त्यानंतर दर पावसाळ्याच्या अखेरीस पट्टी व नळी तपासावी. नळीला छिद्र पडल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरू शकतो. त्याला वास नसल्याने आत बसलेल्यांना तो कळतही नाही.

ज्या वाहनात उष्णतेचा त्रास जाणवत नाही, तेथे वेष्टणाची गरजही नाही. उपाय करण्यापूर्वी गरज तपासणे, हेच खरे शहाणपण होय.