जिमची पिशवी

शेती आणि आरोग्याच्या पानावर जिमच्या पिशवीचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु नार्व्याची मुलेमुली आज पणजीला नोकरीस जातात आणि काम सुटल्यावर तिथल्याच जिममध्ये जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीच्या वर्गाला बसतात. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर सायकल चालविणे जिवावरचे, तेव्हा हा व्यायाम सोयीचा आहे व हृदयाला चांगला आहे. आमची तक्रार आहे ती पिशवीबद्दल. घामाचे कपडे कोंबलेली ती पिशवी दिवाडीच्या दोन फेरीबोटी बदलून रात्री घरी येते, खुंटीला लागते आणि पुष्कळदा तशीच पुन्हा पणजीला जाते.

आमच्या परिचयाच्या एका घरी याच पिशवीपायी पाच महिने औषधोपचार चालला. ते पुढे सांगतो. आधी पिशवीत काय असावे ते पाहू.

पहिली गोष्ट पादत्राणे. चप्पल घालून या सायकलीवर बसू नये. हिचे पुढचे चाक जड लोखंडी असते आणि पेडल त्याला पक्के जोडलेले असते. आपण पाय थांबविले तरी चाक पाय ओढीत राहते. म्हणून कडक तळव्याचे बूट हवेत, आणि नाडीची टोके आत खोचलेली हवीत. सैल सलवार व ओढणी हिच्याजवळ नकोच. पेडलमध्ये अडकणारे खास बूट मिळतात, पण त्यांच्या तळाची पट्टी कुठे दोन स्क्रूंची, कुठे तीन स्क्रूंची असते. आपल्या जिमच्या पेडलला कोणती बसते हे विचारल्यावाचून पैसे घालवू नयेत. साध्या बुटांसाठी बहुतेक पेडलला पट्ट्याचा पिंजरा असतोच.

आत पातळ गादी शिवलेली चड्डी बैठकीला आराम देते. ती अंतर्वस्त्राशिवाय घालावयाची असते आणि एकदा वापरली की धुवावयाचीच. म्हणून एक विकत घेणाऱ्याने दोन घ्याव्यात. जुलै महिन्यात आपल्याकडे एका रात्रीत ती वाळत नाही.

टॉवेल दोन: एक सायकलीच्या मुठींवर टाकण्यास, दुसरा अंगास. दोन्ही आपले स्वतःचे. शिवाय पाण्याची बाटली. पाऊण तासाच्या वर्गाला साधे पाणी पुरते, महागड्या रंगीत पेयांची गरज नाही. घाम किती जातो हे पाहावयाचे असल्यास वर्गाआधी व नंतर वजन करावे. एक किलो उतरले तर सुमारे एक लिटर पाणी गेले असे समजावे. घरी येऊन मीठ घातलेली पेज घेतली तर उत्तमच. मात्र ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या बरोबरीने सायकल हाकू नका. सवय नसलेल्या मांड्यांवर एकदम असा ताण आला तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटतात व त्यांतील द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडू शकते. वर्गानंतर एक ते तीन दिवसांत मांड्या सुजल्या, पाय उचलेनात आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दुखण्याची गोळी घेऊन झोपू नये. तीमुळे मूत्रपिंडांना आणखी इजा होऊ शकते. त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

आता त्या घराची गोष्ट. मुलाच्या जांघेत गजकर्ण उठले. लाजेने तो कोणाला बोलला नाही. फार्मसीतून एक मलम आणले. तीन दिवसांत खाज गेली, त्याला वाटले बरे झाले. मलम थांबविताच डाग पूर्वीपेक्षा मोठा होऊन परतला. पुन्हा मलम, पुन्हा तेच. तोवर घरातला एकच टॉवेल वापरून आईच्या कमरेला आणि धाकट्या बहिणीच्या मानेलाही तो लागला होता.

अशा मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव वाचावे. स्टिरॉइड खाज दाबते, परंतु कातडीची लढण्याची शक्तीही दाबते आणि खाली बुरशी पसरत राहते. २०१८ साली अशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या नियमात आणली गेली, तरी सांगितल्यावर नळी हातात मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातून आपल्या देशात गजकर्णाची एक चिवट बुरशी पसरली आहे. शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिला पुष्कळदा लागू पडत नाही. त्या कुटुंबाला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तिघांनाही एकाच वेळी औषध दिले, आणि डाग दिसेनासे झाल्यावरही काही आठवडे चालू ठेवले.

बागायतदाराला आम्ही काय सांगावे? पोफळीवर कोळेरोग पडू नये म्हणून तो मोरचूद-चुन्याचे मिश्रण पावसाआधीच फवारतो. सुपारी गळू लागल्यावर धावपळ करून काय होणार! अंगाचेही तसेच आहे. बुरशीला ओल, ऊब आणि अंधार हवा. बंद पिशवीत तिन्ही एकदम मिळतात.

म्हणून पिशवीत कापडाची एक निराळी थैली ठेवावी, ओले कपडे तीत टाकावेत. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवणे वाईट. जिममध्येच अंग धुऊन, जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून सुके कपडे घालावेत, मग फेरीबोटीवर किती का वेळ जाईना. घरी आल्यावर जेवणाआधी पिशवी उपडी करावी. कपडे उलटे करून साबणाने धुवावेत, ऊन असेल तर उन्हात, नसेल तर पंख्याखाली वाळवावेत व घालण्याआधी इस्त्री फिरवावी. बुटांत जुने वर्तमानपत्र कोंबावे, सकाळी ते काढून टाकावे. आणि पिशवी चेन उघडी ठेवून, तोंड खाली करून सोप्यावर टांगावी.