मुकादम : पुढे उभा राहणारा

वाणिज्य शाखेत आल्यापासून ‘सुपरवायझर’ हा शब्द मला रोज भेटतो. मराठी शाळेत आम्ही त्याला पर्यवेक्षक म्हणत असू; बांधकामावर जाणारे माझे वडील मुकादम म्हणतात. पण या शब्दांचा अर्थ एकच आहे का?

लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वर व ‘विदेरे’ म्हणजे पाहणे; म्हणून सुपरवायझर वरून पाहतो. कन्नडमधील ‘मेल्विचारक’ही ‘मेल्’ म्हणजे वर राहूनच विचारणा करतो. संस्कृत ‘परि’ म्हणजे सभोवार. पर्यवेक्षक चहूकडे नजर फिरवतो. मुकादम मात्र अरबी ‘मुकद्दम’वरून आला. त्याचा अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ हा त्याच धातूचा. पूर्वी गावच्या पाटलालाही मुकादम म्हणत.

हेन्री फेयॉल याने १९१६ मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांत अधिकाराला जबाबदारीची जोड आहे. ते वाचताना वडिलांचे बोलणे आठवले : “पहिली पाटी उचलतो तो मुकादम.”

मित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकजण सुपरवायझर होतील. तेव्हा वरून पाहावे लागेलच. पण पहिले पाऊल आपले असावे, एवढे या जुन्या शब्दाकडून शिकू या.