आरपार दगड

मराठवाड्यातील जुनी घरे गढीसारखी भक्कम दिसत. दोन फुटांहून जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर पसरून केलेले माळवद! असे घर उन्हाळ्यात थंड राही आणि हिवाळ्यात ऊब देई. भिंत जितकी जाड तितके घर मजबूत, अशी लोकांची समजूत होती.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास ती समजूत ढासळली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून गावे गाढ झोपली होती, तोच किल्लारी परिसरात धरणीकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे प्राणास मुकली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

ही माणसे बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. प्रत्येक जाड भिंत वस्तुतः दोन भिंतींची होती : एक आतली, एक बाहेरची आणि मध्ये दगडगोटे व चिखल. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हादरताच दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि माळवदाची माती निजलेल्यांवर कोसळली. 1992 च्या ऑक्टोबरात याच भागात भूकंपाचे धक्के जाणवले होते. धरणीने इशारा दिला. परंतु भिंती होत्या तशाच राहिल्या.

पुनर्वसनाच्या काळात गावकरी नवी रीत शिकले. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत. दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवळणारा काँक्रीटचा सलग पट्टा द्यावा. छपरावरील मातीचे ओझे कमी करावे. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनी 'संवाद सहायक' होऊन हे घरोघर समजावून दिले. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडच्या स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी तेथवर गेल्या.

भूकंप केव्हा होईल, हे आजही कोणास अचूक सांगता येत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र सांगता येते. आरपार दगड गिलाव्याखाली झाकला जातो. मग तो आहे की नाही, हे कोणास कळत नाही. म्हणून गावात नवी दगडी भिंत उभी राहू लागली, की गिलावा होण्यापूर्वीच गवंड्यास विचारावे, "आरपार दगड घातले आहेत ना?"

स्वाध्याय

1. जाड भिंती धरणीकंपात का टिकल्या नाहीत?
2. घर मजबूत करण्याचे कोणते उपाय पाठात सांगितले आहेत?
3. गावातील एखादी जुनी भिंत कशी बांधली आहे, हे जाणत्या गवंड्यास विचारून पाच-सहा वाक्ये लिहा.