आधी वजन, मग रॉड, शेवटी दोरी

रॉड घ्यायला निघालास ते बरं केलंस, पण दुकानाची पायरी चढण्याआधी घरातला वजनकाटा काढ. ढेप, भाजलेलं बेसन, कणीक, जे काही तू वापरतोस ते मळून स्प्रिंगवर चढव, शिसं लाव, फिरकी लाव, साताठ गऱ्या गोळ्यात खोच आणि सगळं मिळून काट्यावर ठेव. शिसं 40 ग्रॅमचं असलं तरी ओल्या गोळ्यासकट आकडा सहज 110-120 वर जातो. बहुतेक पोरं दुकानदाराला नुसत्या शिशाचं वजन सांगतात आणि त्या हिशेबानं रॉड घेतात. घोटाळा तिथंच होतो. रॉडला शिसं वेगळं आणि पीठ वेगळं कळत नाही, त्याला अख्खा बोजा फेकायचा असतो.

मुठीच्या वर, रॉडच्या अंगावर बारीक अक्षरांत कास्टिंग वेट लिहिलेलं असतं. 40-80 ग्रॅम असं लिहिलं असेल तर तो रॉड आपल्या गोळ्यासाठी नाही, मग तो कितीही महाग आणि कितीही हलका असो. 120 ग्रॅम फेकायचे तर वरची मर्यादा 150 ग्रॅमच्या पुढची हवी. कधी आकडा औंसात असतो; एक औंस म्हणजे 28 ग्रॅम, एवढं पाठ ठेव. खडकपूर्णा धरणाच्या काठावरून टाकायला 9-10 फुटांचा रॉड पुरतो. लांब रॉडनं वजन सावकाश फिरवून सोडता येतं, आखूड रॉडला झटका द्यावा लागतो. झटका दिला की गोळा हवेतच सुटतो आणि गऱ्या रिकाम्या पडतात. म्हणून पिठाच्या गोळ्यासाठी फार ताठ रॉड नको, मधल्या भागापर्यंत वाकणारा हवा. त्यासाठी फायबरचा किंवा फायबर-कार्बन मिश्र रॉड मला कधीही पसंत. हाताला थोडा जड लागतो, पण दगडावर आपटला तरी लगेच दगा देत नाही.

दुकानात रॉड नुसता हवेत हलवून बघू नकोस. रील लावायला सांग, दोरी सगळ्या रिंगांतून ओवून घे आणि टोकाला किलोभर वजन बांधून रॉड तिरपा ठेवून सावकाश उचल. बाक गोल यायला हवा. एखाद्या सांध्याशी तो मोडल्यासारखा कोनात दिसला तर तो रॉड परत दे. मूठ मात्र खांद्याच्या मागे नेऊन उचलू नकोस. तसं केलं की सगळा भार शेंड्यावर येतो, आणि पाण्याकाठी चांगले रॉड मोडतात तेही याच सवयीनं.

आता त्या तारांच्या रिगबद्दल. मोबाइलवर छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा आणि प्रत्येक तारेला रबरी मासोळी लावलेली तू पाहिलीस, तिला अलाबामा रिग म्हणतात. अँडी पॉस नावाच्या माणसानं ती तयार केली आणि ऑक्टोबर 2011 मध्ये अमेरिकेतल्या गंटर्सव्हिल तलावावर पॉल इलायस तिच्या जोरावर मोठी स्पर्धा जिंकला, तेव्हा तिचं नाव झालं. मोठ्या माशाला समोरून मासोळ्यांचा थवाच चालल्यासारखा दिसतो, ही त्यातली युक्ती. तिकडे काही ठिकाणी एका दोरीला किती गळ लावायचे यावर कायद्यानं मर्यादा आहे.

ते लोक तिनं बास धरतात. बास आपल्या धरणांत नाही. आपल्याकडे शिकारी म्हणजे मरळ आणि शिवडा. मरळ शेवाळात, काठच्या गवतात दबा धरून बसते, तिथं पाच तारा टाकल्यास तर पहिल्याच फेकीत गवताचा भारा ओढून आणशील. तिच्यासाठी एकच रबरी बेडकाचा लूर, साधा सात फुटी रॉड आणि जाड ब्रेडेड दोरी, एवढं बस. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला की त्याच्या आसपास लूर टाकायचाच नाही. खाली नर-मादी राखण करत असतात, चिडून तोंड मारतात आणि सापडतात, मग पिल्लांचं काय उरतं ते तूच सांग. शिवडा मात्र मोकळ्या, खोल पाण्यात थव्यामागे फिरतो. तिथं ही रिग वापरून बघायची तर तीन तारांची घे. पाच तारांची रिग लूरांसकट 80 ग्रॅमच्या पुढे जाते आणि दिवसभर फेकून खांदा भरून येतो. या कामाला रॉड वेगळा: साडेसात-आठ फुटांचा, खालचा भाग दणकट, शेंडा तेवढा मऊ. पिठाच्या गोळ्याचा दहा फुटी रॉड इथं चालत नाही, कारण ही रिग टाकून बसायची नसते, फेकून ओढत राहायची असते.

दोरीकडे आता ये. नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो, ब्रेडेड जवळजवळ लांबतच नाही. तेवढ्याच जाडीत ब्रेडेड कितीतरी जास्त भार धरते, म्हणून लांब जाते आणि माशाची टोच हाताला लगेच कळते. पण तिचा शत्रू आपला काळा पाषाण. धरणाच्या भिंतीला लावलेले दगड, पाण्याखालची बाभळीची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे यांवर ती ताणात घासली की कापल्यासारखी तुटते. म्हणून रीलवर 50 पौंडी ब्रेडेड, म्हणजे सुमारे 23 किलोची, आणि पुढे जाड नायलॉनचा लीडर. लीडर रॉडच्या दुपटीइतका लांब ठेव, म्हणजे फेकताना गाठ रीलवर राहते आणि पहिला झटका नायलॉन सोसतो. किती जाड, याचा जुना हिशेब सोपा आहे: दर 28 ग्रॅम वजनाला 10 पौंड. 120 ग्रॅमचा बोजा असेल तर 43 होतात, आपण 50 चा लावायचा. ब्रेडेड नुसत्या रीलवर गुंडाळली तर गोल फिरत राहते. खाली आधी थोडा नायलॉन गुंडाळून घे. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली कर. कोरडी आवळली की नायलॉन तापतो आणि नेमका तिथंच तुटतो. रीलचा ड्रॅग ताणकाट्यानं मोज, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेव, त्याच्या पुढे नको.

आणि हे नीट ऐक: मुख्य दोरी दणकट, पण प्रत्येक गरीची आखूड दोरी तिच्यापेक्षा कमजोर, 20 पौंडांच्या आसपास. एखादी गरी खोडात रुतली तर तेवढीच तुटावी, साताठ गऱ्यांचा अख्खा झुपका पाण्यात राहू नये. अडकलेली दोरी रॉडनं ओढायची नाही. लाकडाच्या दांडक्याला चार वेढे दे, तोंड बाजूला कर आणि सरळ मागे चाल. ब्रेडेड बोटाला गुंडाळून ओढणाऱ्याचं बोट हाडापर्यंत कापतं.

दर हंगामाच्या सुरुवातीला रिंगा तपास. डोळ्यांना दिसत नाही ती चीर कापसाला सापडते. बोंडातला चिमूटभर कापूस घे, तो तर आपल्याकडे घरोघर असतो, पीळ देऊन प्रत्येक रिंगमधून गोल फिरव. तंतू अडकून राहिला की रिंगला धार आली असं समज. ती रिंग बदलल्याशिवाय नवी दोरी ओवू नकोस, नाहीतर दोरीला दोष देत बसशील. तंगूस उन्हात पडू देऊ नकोस. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला वर्षभरात म्हातारा करतो, म्हणून नायलॉन दरवर्षी बदल.

फेकण्याआधी मागे बघ. बोजा शेंड्यापासून दोन-तीन फूट खाली लोंबू दे, बोटाला चामडी टोपण घाल, आणि मागं पोरं-सोरं, गुरं कुणी नाही याची खात्री झाल्यावरच रॉड फिरव. मग वर बघ. नळगंगा असो, पेनटाकळी असो की खडकपूर्णा, काठाला शेतकऱ्यांचे पंप असतात आणि पंपांकडे विजेच्या तारा येतात. कार्बनमधून वीज जाते. तारेखाली दहा फुटी कार्बन रॉड उभा करणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. तिथून रॉड आडवा धरूनच चालत जायचं. ढग गडगडले की रॉड जमिनीवर आडवा ठेव आणि पाण्यापासून लांब हो.

धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते. तिथल्या भोई बांधवांच्या पोटाचा तो धंदा आहे. आधी विचार, पावती लागत असेल तर घे, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बस. ते विचारण्यात कमीपणा नाही, आणि मासा कुठे लागतो हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असतं? ज्ञानगंगा आणि अंबाबरवा या अभयारण्यांत मात्र गरी नेऊच नकोस, तिथं कुणाच्या तोंडी परवानगीला अर्थ नाही.

तुटलेला झुपका पाण्यात राहिलाच तर जागा लक्षात ठेव. काठावरचं झाड, समोरचा दगड, अशी खूण वहीत लिही. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, त्या गाळपेर जमिनीत लोक अनवाणी उतरून काकडी-टरबूज लावतात, गुरं चरतात. पाणी उतरलं की लोक शेत धरण्याआधी त्या जागी जाऊन गऱ्या आणि दोरी उचलून आण. दोरीचे वीतभर तुकडे करून घरी ने, म्हणजे बगळ्याच्या पायात अडकणार नाहीत.