एका संगणकातील दोन कार्यप्रणाली : दुसरी काढताना घ्यावयाची दक्षता

एकाच घरात दोन बिऱ्हाडे नांदावीत, त्याप्रमाणे एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, नांदू शकतात. संगणक सुरू होताच पडद्यावर यादी उमटते व दोहोंपैकी एकीची निवड करावयाची असते. सी-डॅक या संस्थेने २००७ साली लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली उपलब्ध करून दिली. अशी प्रणाली शिकण्यासाठी विंडोजशेजारी बसविली जाते. पुढे जागा अपुरी पडू लागली की ती काढण्याचा विचार होतो.

समजा, रत्नागिरीतील एखाद्या शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदी व निकालपत्रके साठविलेली आहेत. चुकीचा विभाग पुसला गेल्यास अनेक वर्षांचे हे काम क्षणात नाहीसे होईल. म्हणूनच या कामात क्रमाला महत्त्व आहे : आधी जतन, नंतर मार्ग आणि शेवटी जागा.

कोणती प्रणाली ठेवावयाची, हे प्रथम ठरवावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले; तेव्हा जुन्या संगणकावर लिनक्स ठेवणेच कदाचित हिताचे ठरेल. विंडोज ठेवावयाची असल्यास पुढील रीत अवलंबावी.

लिनक्समधील फायली विंडोजला सहसा दिसत नाहीत. त्यामुळे लिनक्स सुरू करूनच त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजमधील फायलींचीही प्रत काढावी आणि ती दुसऱ्या, उंचावरील इमारतीत ठेवावी. २००५ व २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणने अनुभवलेले महापूर पाहता ही सूचना अनाठायी वाटू नये. ‘बिटलॉकर’ सुरू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

त्यानंतर मार्ग मोकळा करावा. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात प्रारंभीच्या मांडणीत जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ला पहिला क्रम द्यावा. जुन्या पद्धतीच्या संगणकात लिनक्सचा ‘ग्रब’ हा आज्ञासंच डिस्कच्या अगदी आरंभी बसलेला असतो. तेथे विंडोजच्या स्थापना-डिस्कवरून ‘बूटरेक’ आज्ञेचा ‘फिक्सएमबीआर’ पर्याय वापरावा लागतो. निवडीची यादी न येता विंडोज थेट सुरू होते, याची खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिनक्सचा विभाग आधीच पुसल्यास ग्रबला आपल्या फायली सापडत नाहीत आणि संगणक सुरू होताना अडतो.

आता ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. लिनक्सच्या विभागापुढे तेथे सहसा अक्षर नसते; परंतु विंडोजच्या पुनर्प्राप्ती विभागापुढे आणि ईएफआय या छोट्या विभागापुढेही ते नसते. ईएफआय विभाग ही दोन्ही बिऱ्हाडांची सामाईक पडवी आहे. ती पाडली तर विंडोजचाही दरवाजा बंद होतो. म्हणून लिनक्स चालू असतानाच तिच्या विभागाचे आकारमान टिपून ठेवावे व ताडून पाहूनच तो विभाग पुसावा. मोकळी झालेली जागा विंडोजच्या विभागाला अगदी लागून, उजवीकडे असेल, तरच ती त्याला जोडता येते. मध्ये दुसरा विभाग असल्यास त्या जागेचा स्वतंत्र विभाग करून फायली ठेवणे अधिक सुरक्षित होय.

कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. विभागांची जागा बदलण्याचे काम अर्ध्यावर थांबल्यास माहिती बिघडू शकते. यासाठी यूपीएसची सोय असल्याखेरीज ते हाती घेऊ नये. काम अल्पावधीचे आहे. परंतु घाईचे नाही.