वीजमीटर : घराच्या भिंतीवरील हद्दीचा दगड

शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड कोणी आपल्या हाताने उपटून दुसरीकडे रोवीत नाही. तसा प्रसंग आलाच तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला जातो, शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते आणि मोजणीदाराच्या समक्ष खूण कायम होते. खेड्यातील लहान मुलासही हे ठाऊक असते. घराच्या भिंतीवरील वीजमीटर हीदेखील याच जातीची एक खूण आहे, ही गोष्ट मात्र अद्याप पुरेशी ध्यानी आलेली दिसत नाही. घराचे बांधकाम निघाले की गवंड्यापाठोपाठ गावातील वायरमनला बोलावणे जाते आणि मीटर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर चढते. काम तासाभराचे असते. परंतु त्यातून उद्भवणारा त्रास दीर्घकाळ पुरतो.

प्रश्न कोठे निर्माण होतो

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडले आहेत. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे जुन्या घरांच्या भिंतींना तडे जातात. मातीच्या भिंतींची धाब्याची घरे जाऊन त्यांच्या जागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत; घरकुल योजनेतून अनेक कुटुंबांनी नवी घरे बांधली आहेत. कोठे भावाभावांत वाटणी होऊन घराचे दरवाजे बदलतात, तर कोठे रस्ता रुंद होताना ओटा आणि दर्शनी भिंत पाडावी लागते. या प्रत्येक प्रसंगी मीटर हलविण्याची गरज खरी असते. गरज खरी असली तरी मार्ग योग्य हवा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. २००५ साली मंडळाची पुनर्रचना होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. खांबावरून मीटरपर्यंत येणारी वीज ही वितरण कंपनीची जबाबदारी, तर मीटरपासून पुढे घरातील वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी होय. मीटर या दोहोंच्या सीमेवर उभे असते. म्हणूनच त्यावर मोहोर असते आणि ती तोडण्याचा अधिकार ग्राहकास नसतो.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३८ नुसार अधिकार नसताना मीटर वाहिनीला जोडणे किंवा वाहिनीपासून सोडविणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. ग्राहकाचा हेतू निर्मळ असू शकतो. तथापि तुटलेली मोहोर पाहणाऱ्या तपासणी पथकास तो हेतू दिसत नाही. वीजचोरीचा संशय मात्र येतो. मग आपण प्रामाणिक आहोत हे सांगत फिरण्याची वेळ ग्राहकावर येते, आणि हाती कागद नसल्याने ते सिद्ध करणे कठीण जाते.

अर्जाची रीत

मीटरची जागा बदलण्याची रीत अवघड नाही. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. ग्राहकाने वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयाकडे लेखी किंवा ऑनलाइन अर्ज करावा. अर्जात ग्राहक क्रमांक, स्थलांतराचे कारण आणि नव्या जागेचे वर्णन असावे. सोबत अलीकडील वीजबिल जोडावे व थकबाकी असल्यास ती आधी भरावी. ग्राहक भाडेकरू असल्यास घरमालकाची लेखी संमती घ्यावी.

२. कंपनीचा कर्मचारी जागेची पाहणी करतो. खांबापासूनचे अंतर आणि लागणारी वायर पाहून खर्चाचे अंदाजपत्रक ठरते. स्थलांतर ग्राहकाच्या सोयीसाठी असेल तर सामान्यतः हा खर्च त्यालाच करावा लागतो. रक्कम कार्यालयात किंवा अधिकृत ऑनलाइन मार्गानेच भरावी आणि पावती जपून ठेवावी.

३. घरातील वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल मिळवावा. अर्थिंगची तपासणी याच वेळी व्हावी.

४. मीटर हलविण्यापूर्वीचे वाचन, हलविल्यानंतरचे वाचन आणि नव्या मोहोरेचा क्रमांक यांची लेखी नोंद करून तिची प्रत मागून घ्यावी. पुढे बिलाविषयी वाद निघाल्यास हाच कागद ग्राहकाच्या बाजूने बोलतो.

ग्राहकांच्या हक्कांसंबंधी केंद्र शासनाने २०२० साली नियम केले. २०२४ च्या दुरुस्तीनंतर नवी जोडणी देण्यासाठी किंवा असलेल्या जोडणीत बदल करण्यासाठी सर्वसाधारण ग्रामीण भागात १५ दिवसांची, तर महानगरे वगळता इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांची कमाल मर्यादा त्यांत आहे. ही मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजली जाते. म्हणून अर्जाची पोच घेणे अगत्याचे ठरते.

जागा कशी असावी

नवी जागा दर्शनी, कोरडी आणि वाचन घेणाऱ्यास सहज पोहोचता येईल अशी असावी. न्हाणीघराची ओली भिंत, चुलीच्या धुराची जागा आणि पागोळ्यांखालचा भाग टाळावा. या जिल्ह्यात वेचणीनंतर कापूस कित्येकदा घरातच साठविला जातो. अशा खोलीत, तसेच कडब्याच्या गंजीजवळ मीटर असणे म्हणजे एका ठिणगीवर वर्षाची कमाई सोपविणे होय.

घर बदलणे वेगळे, जागा बदलणे वेगळे

एका घरातील मीटर दुसऱ्या घरी घेऊन जाणे हे मात्र स्थलांतराच्या व्याख्येत बसत नाही. तेथे सामान्यतः जुनी जोडणी कायमची बंद करून नवी घ्यावी लागते. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पासारख्या कामांत गावेच्या गावे नव्या गावठाणात वसवावी लागतात. अशा वेळी हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. जुने घर सोडताना अखेरचे वाचन नोंदवून जोडणी रीतसर बंद केली नाही, तर रिकाम्या घराच्या नावे बिल येत राहते आणि त्या थकबाकीचा प्रश्न पुढे उभा राहतो. पुनर्वसनाच्या धावपळीत सामान्य कुटुंबास याचे भान राहतेच असे नाही. ते आणून देणे हे तेथील कर्मचारी व पंचायत सदस्यांचे काम आहे.

दाद कोठे मागावी

काम रखडल्यास प्रथम स्थानिक कार्यालयाकडे किंवा १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे निवारण न झाल्यास अधिनियमातील कलम ४२ अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास विद्युत लोकपालाकडे दाद मागण्याची सोय आहे. विदर्भासाठी लोकपालाचे कार्यालय नागपूर येथे आहे.

पंचायतीचे कार्य

घराच्या बांधकामाची वार्ता ग्रामपंचायतीस बहुधा सर्वांआधी लागते. बांधकाम परवानगी, घरकुलाचा हप्ता किंवा नमुना ८ चा उतारा देतानाच, ‘मीटर हलवायचे आहे काय, अर्ज केला काय’ एवढे विचारण्याची प्रथा पडली, तर पुष्कळ अडचणी मुळातच टळतील. शिक्षकांनी शाळेत मुलांना आपल्या घरचे मीटर वाचावयास शिकवावे. आकडा वाचणारे मूल घरातील मोठ्यांना मोहोरेचाही अर्थ सांगू शकेल. हद्दीच्या दगडाविषयी समाजात जो धाक आणि आदर आहे, तोच मीटरविषयी निर्माण झाला, तर ग्राहकाचे घर सुरक्षित राहील आणि त्याचा शब्दही खरा ठरेल.