नायट्याचे मलम: परवडेल असे कसे मिळवावे?



पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कपडे नीट वाळत नाहीत. भातलावणीच्या दिवसांत तर माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्यांतच असतात. कंबर, जांघा, काखा, पायाच्या बोटांच्या बेचक्या अशा ठिकाणी नायटा धरतो, आणि एकाला झाला की हळूहळू घरातल्या सर्वांना होतो. हा जिवावरचा आजार नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण खाजेने झोप जाते, मुले वर्गात अंग खाजवत बसतात, आणि महिनोन्महिने थोडे थोडे करून मजुरीचे पैसे मलमात जातात. हा खर्च कमी कसा करावा, एवढाच या अभ्यासलेखाचा विषय आहे.

आधी हिशेब करू, कारण बहुतेक पैसा येथेच वाया जातो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणाच्या दोन्ही जांघा आणि कंबर मिळून चार तळहातांएवढी जागा धरली असेल, तर एका वेळेला एक ग्रॅम लागेल. दिवसातून दोन वेळा लावायचे, म्हणजे रोज दोन ग्रॅम, आणि चार आठवड्यांचे 56 ग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी नेहमीची लहान ट्यूब 15 ग्रॅमची असते. ती आठवडाभरच पुरेल! पण आठवड्यात खाज थांबलेली असते, म्हणून माणूस दुसरी ट्यूब आणत नाही. बुरशी मात्र कातडीत जिवंत असते. महिन्याभरात नायटा पुन्हा उठतो आणि पहिल्या ट्यूबचे पैसेही बुडतात.

त्वचारोगतज्ज्ञ दोनाचा एक सोपा नियम सांगतात: दिवसातून दोन वेळा, डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग पूर्ण गेल्यावरही आणखी दोन आठवडे. म्हणून चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारावे, “सगळे मिळून किती ग्रॅम लागेल?” जागा फार मोठी असेल तर केवळ मलमापेक्षा गोळ्या स्वस्त आणि गुणकारी ठरू शकतात, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मुलांच्या डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, त्याला गोळ्या लागतातच.

आता त्या “तीन दिवसांत आराम” देणाऱ्या मलमाविषयी. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली लगेच दबते, म्हणून औषध चांगले वाटते. बुरशी मात्र आतून पसरते, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट चरे पडतात, आणि नायट्याची गोल कड पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही आजार ओळखणे कठीण जाते. अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा केंद्र सरकारचा नियम 2018 पासून आहे. तरी ती सहज मिळतात. आमच्या मते सर्वांत महाग मलम हेच, मग त्यावर छापलेली किंमत कितीही कमी असो.

साधे, एकाच औषधाचे मलम मिळवण्याचा पहिला मार्ग प्राथमिक आरोग्य केंद्र. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. क्लोट्रिमॅझोल हे जुने, भरवशाचे मलम राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याच्याविषयी नावानिशी विचारावे. साठा संपला असेल तर औषधाचे मूळ नाव स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावे, कंपनीचे नाव नको. त्या चिठ्ठीवर जनऔषधी केंद्रात तेच औषध बाजारातल्या नामांकित ट्यूबपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, बहुधा निम्म्याहून कमी किमतीत. जवळचे केंद्र कोठे आहे हे “जनऔषधी सुगम” या ॲपवर दिसते. मात्र तेथेही ट्यूबवरचे घटक वाचूनच घ्यावे. साध्या मेडिकलमध्ये जावे लागले तर दोन ट्यूबच्या किमतीची तुलना ग्रॅममागे करावी, आणि छापील किंमत ही कमाल किंमत असते हे विसरू नये. सवलत मागण्यात कमीपणा नाही. आरोग्य विम्याचे कार्ड मात्र येथे उपयोगी पडत नाही. ते दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते.

प्रत्येक खाज नायट्याची नसते, हेही ध्यानात ठेवावे. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतली, साऱ्या घराला एकदम सुटलेली खाज बहुधा खरजेची असते आणि तिचे औषध वेगळे असते. न खाजणारा, फिकट आणि बधिर चट्टा दिसला तर कोणतेच मलम न लावता आरोग्य केंद्र गाठावे. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे औषध देशभर मोफत मिळते.

घरातल्या सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर मलमाचा खर्च संपत नाही. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत आणि ते उन्हात उलटे करून वाळवावेत. ज्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये प्यायचे पाणी दुरून आणावे लागते, तेथे “रोज कपडे धुवा” असे सांगणे सोपे नाही. अशा वेळी निदान कंबरेचे कपडे तरी धुवावेत, बाकीचे उन्हात टाकावेत. आश्रमशाळांच्या वसतिगृहांत पांघरुणे वेगळी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

शेवटी आपल्या मदतीविषयी. मंडळीतून जमा होणाऱ्या औषधांच्या खोक्यात अर्धवट वापरलेल्या मलमाच्या ट्यूब टाकू नयेत. त्यांतल्या बऱ्याच स्टेरॉइडच्या असू शकतात, आणि पाड्यावर घटक वाचून सांगणारे कोणी नसते. पाड्यावरून तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी कित्येकदा मलमाच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणून बाजाराच्या दिवशी चार-पाच कुटुंबांना एकत्र आरोग्य केंद्रात नेणाऱ्या गाडीचे भाडे कोणी उचलले, आणि चिठ्ठीप्रमाणे पूर्ण महिन्याचे मलम एकाच वेळी घेऊन दिले, तर ते आम्हाला खोकाभर ट्यूबपेक्षा अधिक हवे आहे.